वखर उचलायची जागा

जगदेव होता तोवर आसेगावच्या त्या वावरात वखर एका जागी उचलला जायचा. तिथं आलं की बैल आपसूक हळू व्हायचे, जगदेव वखर हातानं वर धरायचा आणि थोडं पुढं जाऊन पुन्हा टेकवायचा. मागं गवताचं एक लहानसं बेट राहायचं. त्याखाली त्याची आणि त्याच्या बायकोची, तुळसाबाईची, पहिली मुलगी पुरलेली होती. बारसं व्हायच्या आधीच गेलेली, म्हणून बिननावाची.

"एखादा दगड तरी ठेवा," तुळसाबाई एकदा जगदेवला म्हणाली होती.

"दगड ठेवला की कोनी तरी शेंदूर फासते. मंग नारळ, मंग नवस. झोपू दे पोरीले."

शेजारच्या वावरातल्या एका साध्या दगडाचं तसंच झालं होतं. त्याला नवस बोलायला आता मंगरूळहून माणसं येत. तुळसाबाई हसली आणि विषय तिथंच संपला.

हरभरा पेरून झाला आणि जगदेव गेला. बैल विकले. हरभरा निघाल्यावर भागवतनं, तिच्या मुलानं, उन्हाळी भुईमुगासाठी फुलसिंगचा ट्रॅक्टर सांगितला. आपल्याला एक बहीण झाली होती, एवढं भागवतला माहीत होतं. ती कुठं आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं कशाला? वखर उचलला जातोच की.

तुळसाबाई चहा घेऊन वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, पोचली तेव्हा फुलसिंग ट्रॅक्टरमागच्या रोटावेटरच्या पात्यांत अडकलेल्या मुळ्या ओढून काढत होता.

"पाहा काकू, पिठावानी माती केली! मधात गवत होतं, तेबी साफ. काका जरासे आळशीच होते काय व?"

तिनं कपात चहा ओतला.

"पी पहिले. गार होईन."

तो प्यायला. मग तिनं सांगितलं.

फुलसिंगनं कप हळूच खाली ठेवला. हातातल्या मुळ्या टाकाव्यात की धरून ठेवाव्यात, त्याला कळेना. "मले कोनी सांगतलंच नाही व, काकू."

"तुले काय बोल लावू, बाबू? मायच्याच तोंडाले कुलूप होतं."

"उभी पाळीच झाली, आडवी राह्यली अजून. जागा दाखवा, मशीन उचलतो."

तुळसाबाई वावरात शिरली. पाय घोट्यापर्यंत रुतत होते. जगदेवला ती जागा हातानं कळायची, हिला गवतानं. आता चहूकडे सारखीच माती. ती इकडं गेली, तिकडं गेली, आणि शेवटी एका ठिकाणी उभी राहिली. जन्म दिलेल्या बाईला एवढंही सांगता येऊ नये!

"इथंच," ती म्हणाली. आवाजात काही खात्री नव्हती.

फुलसिंग जवळ आला. "इथं नाही, काकू. थोडं तिकडं. तिथं मशीन अडकलं होतं, मले ध्यानात हाय."

तो खरं बोलत होता की तिला बरं वाटावं म्हणून, हे तिनं विचारलं नाही. तो नेईल तिथं ती गेली. मुळ्यांचा गुंता त्यानं तिच्या हातात दिला, तो तिनं मातीवर ठेवला.

फुलसिंगनं आडवी पाळी धरली. तिथं आल्यावर रोटावेटर उचलला आणि बराच पुढं जाऊन टेकवला. वखरानं सुटायची त्याच्या चौपट जागा सुटली.

दुपारी भागवत मोटारसायकल लावून वावरात उतरला. "आई, मधात एवढं काहून सोडलं?" असं विचारत तो सरळ चालत येऊ लागला.

"थांब!" तुळसाबाई ओरडली. "धुऱ्यानं ये. तिथून चालू नोको."