पाचशे यार्डांचा रविवार

जर्मनांच्या नेमबाजीच्या मंडळात शिरून ओस्मुंडच्या पदरात काय पडणार, हे आम्ही सगळ्यांनी त्याच्या आधीच मोजून ठेवलं होतं. फार तर बक्षिसाचा चांदीचा एक चमचा, त्यांच्या हातची बिअर, आणि आठवड्यातून एक दिवस ‘ए नवख्या’ऐवजी स्वतःच्या नावाची हाक. नॉर्वेहून येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं, आणि मिनेसोटातल्या आमच्या नॉर्वेवाल्या लोकांत नवख्याला त्याच्या लग्नातसुद्धा नवखाच म्हणतात.

पारड्याच्या दुसऱ्या बाजूला होतं हालग्रिममामाचं घर. ओस्मुंड मामाच्या शेतावर राबायचा, मामाच्याच माळ्यावर झोपायचा आणि सिग्नेमामीची बटाट्याची पोळी लोणी लावून हाणायचा. मामा चर्चचा विश्वस्त, पहिल्या बाकावरचा माणूस. आमच्याकडे रविवारी कुणी लाकूडसुद्धा फोडत नाही. जर्मन नेमके त्याच दिवशी बंदुका बाहेर काढतात.

त्या शनिवारी मी शेजारधर्माने मामाकडेच जेवायला होतो.

“उद्या बंदूक घेऊन गेलास, तर या टेबलाशी परत बसायचं नाही,” मामा म्हणाला.

“मग सोमवारी जाऊ?”

“सोमवारी नांगरणी आहे.”

“मंगळवारी?”

“मंगळवारीही नांगरणी.”

“म्हणजे देवाचा एक वार सोडून बाकी सगळे तुमचे. मग मी देवाचाच घेतो, मामा. तो तुमच्याइतका चिक्कू नसेल.”

मामी फिस्सकन हसली आणि लगेच बटाटे आणायला उठली.

रविवारी चर्चची घंटा वाजत असताना ओस्मुंड नॉर्वेतल्या गावाकडून आणलेली क्राग बंदूक खांद्याला लावून भर रस्त्यातून गेला. मागच्या वाटेनेही जाता आलं असतं. मंडळाची अट साधी होती: पाचशे यार्डांवरून दहा गोळ्या, त्यातल्या सहा लागल्या तर आत.

तो गवतात पालथा पडला. पहिली गोळी निशाणाच्या वरून गेली. मागच्या बांधावर धूळ उडाली. दुसरीही तशीच. निशाणाखालच्या खड्ड्यातल्या माणसाने ‘चुकली’ म्हणून लाल झेंडा हलवला.

“पोरा, चंद्र दिवसा नसतो!” मंडळाचा कप्तान क्लेमेन्स ओरडला. जर्मन पोट धरून हसले.

तेवढ्यात हालग्रिममामा आला, चर्चच्या काळ्या कोटात. भाच्याला कॉलर धरून न्यायला आला होता. मी त्याच्या मागोमाग, काही बघायचं चुकायला नको म्हणून. तिसरी गोळीही वरून गेली. पुन्हा हशा झाला, आणि कुणीतरी म्हणालं, “या नॉर्वेवाल्यांना हेरिंग मासेच मारू द्या!”

मामाचा चेहरा बिटासारखा लाल झाला.

“गाढवा! नळीवरची अंतराची पट्टी कितीवर लावलीयस?”

“पाचशेवर! अंतर पाचशेच आहे ना?”

“तुझ्या पट्टीवर मीटर आहेत! हे यार्ड आहेत, यार्ड आखूड असतो! माझ्या पहिल्या कोठाराचं माप मी मीटरने काढलं आणि लाकूड आणलं यार्डाने. अर्ध्या छपरावर हिवाळा काढलाय मी. खाली घे. अजून खाली!”

आणि आमचा विश्वस्त कोटासकट गवतात आडवा झाला आणि ती पट्टी त्याने स्वतःच्या अंगठ्याने सरकवली.

उरलेल्या साती लागल्या. क्लेमेन्सने टोपी काढली आणि नाव विचारलं. “ओस्मुंड,” मामाच आधी ओरडला.

पुढच्या रविवारी पास्टरनी मामाला चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं केलं आणि माफी मागायला सांगितलं.

“कशाची?” मामा म्हणाला. “भाचा चुकतोय हे दिसत असताना तोंड मिटून बसलो असतो, तर मागितली असती. आता मागणार नाही.”

आता जमाखर्च. ओस्मुंडला मंडळ मिळालं आणि टेबलही राहिलं. मामा त्याला हाकलणार कुठल्या तोंडाने? मामाचं विश्वस्तपद गेलं. पण तो आता दर रविवारी क्लेमेन्सच्या शेजारी बसून इतरांच्या चुका काढतो, त्याला तोटा म्हणायला माझं मन घेत नाही. पहिला बाक मात्र मामीलाही सोडावा लागला. प्रार्थनेनंतर कॉफीला तिच्याकडे कुणी येत नाही. ती सगळ्यात मागे, दाराच्या वाऱ्यात एकटी बसते आणि पास्टरना ऐकू जाईल अशा आवाजात भजनं म्हणते. दोघांच्या रविवारची भरपाई तिनेच केली, आणि तिला तर कुणी विचारलंही नव्हतं.