त्या दिवसांतला राग

नीरजने शलाकाची रीडिंग्ज उतरवून स्वतःची म्हणून दाखवली, हे तिने कौशिक सरांना भर प्रयोगशाळेत सांगितलं. आवाज जरा चढलाच होता. सर हसले.

"क्या बात है, वो वाले दिन आ गए क्या?"

पोरं खिदळली. शलाकाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यातून सरांचा अंदाज बरोबर होता, याची चीड वेगळीच. पाळीच्या आधीचा आठवडा तिला नकोसा व्हायचा. छाती दुखायची, डोकं जड व्हायचं, पाणी सांडलं तरी रडू फुटायचं. तिने आणि मैत्रीण ताराने आपापले उपाय शोधले होते. चहा बंद, उत्तरेतल्या त्या शहरातल्या लष्करी छावणीच्या शांत रस्त्यावर भराभर चालणं, आणि "आज मुझसे मत उलझना" असं एकमेकींना आधीच बजावून ठेवणं. सरांना मात्र त्यातला फक्त विनोद माहीत होता.

"हाँ सर, आनेवाले हैं," ती म्हणाली. "और चोरी फिर भी इसी ने की है."

सरांनी तिला बाहेर काढलं. माफी माग, नाहीतर घरून कुणाला तरी घेऊन ये.

वडील रेल्वेत गार्ड, ते गाडीवर गेलेले. म्हणून आई, भानुमती, आली. घराजवळच्या खंडेराव गेटपासून ई-रिक्षात तिचा एकच घोषा : "माग बाई माफी आणि मोकळी हो. मुलीच्या जातीला एवढा राग शोभतो का?"

सर आईशी फार गोड बोलले. "माताजी, लड़की होशियार है. बस, महीने में एक बार दिमाग घूम जाता है."

आईने पदर सावरला. "रीडिंग किसकी थी?"

"वो बात अलग है."

"नहीं जी. बात तो वही है."

नीरजला बोलावलं. प्रयोगात द्रावणाचा रंग कधी बदलला, हेही त्याला सांगता येईना. त्याला प्रयोग पुन्हा करावा लागला. सरांनी आपल्या बोलण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

परतताना आई हळूच म्हणाली, "मलाही व्हायचं असं. मी भांडी आपटायचे."

"मग मला का नाही सांगितलंस? मला वाटायचं, मीच वेडी आहे!"

शलाका रिक्षातून उतरली आणि उरलेला रस्ता एकटीच भराभर चालत गेली.

दोन-तीन दिवसांत पाळी आली. डोक्याचा जडपणा उतरला, छाती हलकी झाली. राग मात्र तस्साच होता, आणि तो तसाच आहे हे पाहून तिला बरं वाटलं. ताराला घेऊन ती थेट प्राचार्याबाईंकडे गेली आणि घडलं ते शब्दन्‌शब्द सांगितलं.

पुढच्या तासाला कौशिक सर फळ्याकडे तोंड करून माफीसारखं काहीतरी पुटपुटले.

शलाका उभी राहिली. "सर, सुनाई नहीं दिया."

वर्गात कुणी हसलं नाही. सरांना वळावं लागलं.