नळीखाली बांधलेली बॅटरी

मित्रांनो, पुस्तकात मला विजेरी म्हणतात, दुकानात टॉर्च म्हणतात, पण कोलाडपासून रोह्यापर्यंत कुणालाही विचारा, मी बॅटरीच. बोटाएवढी लांब, काळी, ॲल्युमिनियमची. माझ्या पोटाला रबर घासून घासून पांढरे पट्टे पडलेत. ते कसे पडले ते आज सांगते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाय. खोक्यात सगळा काळोखच होता. डोळे उघडले ते पेणच्या बाजारात, नितेशच्या दुकानात. मोबाईलची कव्हरं, चार्जर, इयरफोन यांच्यामध्ये मी लोंबकळत होते. रस्त्यावरून माणसं जायची, मी त्यांच्याकडे बघत बसायचे. कुणीतरी घेऊन जाईल आणि मला मोठाल्या काळोखात सोडेल, एवढंच स्वप्न.

मग एक दिवस दोन माणसं आली. एक शिवामामा, धरमतरकडचे, मिठागरात काम करणारे, टाचा मिठानं फुटलेल्या. दुसरे त्यांचे मेव्हणे दिनानाथकाका, रोह्याच्या अलीकडच्या गावचे शेतकरी. काकांच्या हातात बांबूचा दांडा होता.

"काका, कुणाला मारायला निघालात?" नितेशनं विचारलं.

"बंदुकीला बत्ती लावायचीय," काका म्हणाले. "बंदूक काय बाजारात आणता येत नाय. म्हणून तिच्याच मापाचा बांबू तोडलाय."

काकांच्या घरात त्यांच्या बापाची एकनळी बंदूक होती, शेतराखणीच्या परवान्याची. भात निघालं की त्या जमिनीत वाल पेरायचा. त्याला पाणी लागत नाय, दवावरच वाढतो. पण गेल्या हंगामात डुकरांनी सगळा वाल उलथापालथा केला होता. त्यांच्या बायकोनं, मैनाकाकीनं, पोरीच्या सासरी पाठवायला वाल मागितला तेव्हा काकांना विकतचा आणावा लागला. ते त्यांच्या फार मनाला लागलं होतं.

काकांनी आधी एक जाडजूड स्टीलची बॅटरी बांबूला बांधली आणि बांबू खांद्याला लावून भर दुकानात उभे राहिले. बाहेरची माणसं थांबून बघायला लागली. बांबूचं तोंड हळूहळू खाली गेलं.

"हिचं डोकं जड हाय. नळी डुलक्या काढंल," काका म्हणाले.

मग प्लॅस्टिकची एक. ती हलकी होती, पण शिवामामांनी दाबली तर कुरकुरली. मग मी. काकांनी खांद्याला लावलं, इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, बांबू जिथल्या तिथे राहिला.

"ही बांधलीय का नाय तेच कळत नाय," काका म्हणाले, आणि मी अशी फुगले की विचारू नका.

मला बांधायला अख्खी दुपार गेली. शिवामामांनी जुन्या स्कूटरच्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या. आधी नळीच्या डोक्यावर बसवलं, तर तिथली माशी, म्हणजे नेम धरायचा तो छोटा दाणा, माझ्याआड गेली. बाजूला बसवलं तर उजेड भलतीकडे. शेवटी खाली बांधलं, बटण डाव्या अंगठ्याला लागेल असं, आणि मध्ये रबराचा तुकडा घातला. काकांनी अंगणात उभं राहून नळी वर करून एक बार काढला. मला असा दणका बसला की माझं तोंड उलटं जमिनीकडे. मैनाकाकी पदर तोंडाला लावून हसली.

"बिचारीला चक्कर आली ओ."

मग पट्ट्या आडव्या-तिडव्या ताणल्या. भिंतीवर कोळशानं टिंब काढलं, नेम टिंबावर धरला आणि बांबूची बारीक चीप सारून सारून माझा उजेड बरोबर त्या टिंबावर आणला. आता नळी जिथे बघेल तिथेच मी बघणार होते. तेव्हा मला यात काही वाईट दिसलं नाय. उलट बरं वाटलं.

मित्रांनो, त्या दिवसांसारखे दिवस मला परत मिळाले नाहीत. अंधार पडायला लागला की काका वालाच्या कडेला मचाणासारख्या उंच माळ्यावर बसायचे आणि मला पेटवायचे. दव इतकं असायचं की उजेडाला अंग यायचं, तो पांढरा होऊन लांबवर तरंगत जायचा. वालाची फुलं झोपेत असल्यासारखी. कोळ्यांची जाळी पाण्यानं भरलेली. सशाचे डोळे लाल, बेडकांचे हिरवे ठिपके, आणि कधी डुकरांचा कळप, सगळे डोळे एकदम वळलेले. काका वर बार काढायचे, कळप खडबडत डोंगराला लागायचा. छर्रा मारायची वेळ आली नाय. वाल शेंगांनी लगडला. गाव म्हणायचं, दिनानाथची बॅटरी म्हणजे काय, दिवसच. मी ऐकायचे आणि अजून लांब बघायचे.

त्या गावात एक रीत होती. अंधारात शेतातून जायचं तर आधी कुकारा द्यायचा, कूऽऽ करून. माळ्यावरचा माणूस उलट कुकारा देणार, मग पाऊल टाकायचं. मी आल्यावर लोक तो विसरायला लागले. बत्ती हाय ना, दिसेलच. काकाही विसरले. काही खुट्ट झालं की हाक मारायची सोडून मला पेटवायचे.

एकदा शेजारची ठमाबाई म्हातारी बांधावर बसलेली. काकांनी थेट तिच्या तोंडावर उजेड मारला. ती तशीच उठली.

"मेल्या, ती बंदूक हाय. चेहरे बघायची बत्ती नव्हं."

"घोडा पाडलेला हाय गो, ठमे. भितेस काय?"

"तुला नाय भीत. तुझ्या बोटाला भिते."

काका हसले. मी नाय हसले. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की मी ज्याच्याकडे बघते, त्याच्याकडे नळीपण बघते. सशाकडे, फुलांकडे, ठमाबाईच्या सुरकुत्यांकडे. मला एकटीनं काहीच बघता येत नाय. मला असा राग आला. पण बॅटरीचा राग कोण विचारतो? बटण दाबलं की पेटायचं, बस.

मग पोपटीचा दिवस आला. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, वर परत पाला, आणि मडकं उपडं करून जाळात ठेवायचं. डुकरांच्या तोंडातून वाचलेला वाल, म्हणून काकांनी शिवामामांना मुद्दाम बोलावलं होतं. मामा उशिरा पोचले, दिवेलागणीला. काका तोवर माळ्यावर जाऊन बसलेले. पाला कमी पडला म्हणून मामा अंगावर काळी घोंगडी घेऊन मागच्या बाजूनं बांधावर गेले. कुकारा दिला नाय.

वालात खसफस झाली. काका ताठ झाले. नळी वळली, अंगठा दाबला गेला, मी पेटले.

समोर काळं पाठाण, म्हणजे नुसती पाठ. वाकलेलं, हलणारं, झाडोऱ्यात तोंड खुपसलेलं.

वर घोडा चढल्याचा आवाज झाला. कट.

डुकरावर उजेड पडला की ते दचकून वळतं नाहीतर पळतं. हे वळलं नाय. आणि घोंगडीच्या खाली मला एक टाच दिसली, फुटलेली, भेगांत पांढरं. मी ओळखलं. माशीच्या मागून काकांना फक्त काळं दिसत होतं. मित्रांनो, मी सगळं जोर लावून विझायला बघितलं. विझता येईना. मी तशीच त्या पाठीवर उजेड पाडत राहिले, बरोबर मध्यावर, भिंतीवरच्या टिंबावर पाडला होता तसा.

तेवढ्यात घराकडून मैनाकाकीचा आवाज आला. मडकं भरायला पाला हवा होता, म्हणून तिनं भावाला साद घातली.

"कूऽऽऽ"

काळं पाठाण दोन पायांवर उभं राहिलं आणि त्यानं उलट कुकारा दिला. हातात भांबुर्ड्याची जुडी होती.

"भावोजी, बत्ती खाली करा जरा," शिवामामा डोळे मिचकावत म्हणाले. "काय दिसत नाय मला."

मी खाली गेले, कारण काकांचे हात खाली गेले. मग मामांना नळी दिसली. ते जागचे हलले नाहीत. काकांना घोडा उतरवता येईना. शेवटी त्यांनी बंदूक मधोमध वाकवून उघडली, काडतूस काढलं, खिशात टाकलं आणि उतरून माळ्याखालीच बसले.

बांधावर अडकलेला उजेड घरून दिसला म्हणून मैनाकाकी कोयता घेऊन धावत आली. बघितलं आणि तिला सगळं कळलं.

"कुकारा का नाय दिलास रे, दादा?"

"म्हटलं बॅटरी हाय, दिसंन मी."

"आणि तुम्ही? तुम्ही का नाय दिलात?"

काका म्हणाले, "बॅटरी होती गो."

 मग मामाच म्हणाले, "पोपटीत कोंबडी कमी पडली होती काय, भावोजी?" कुणी हसलं नाय. तेही नाय.

काकीनं बंदूक मांडीवर घेतली आणि कोयत्याच्या टोकानं ट्यूबच्या पट्ट्या कापल्या. एकेक पट्टी सुटताना माझ्या अंगातून कसंतरीच गेलं. मग मी तिच्या तळहातावर होते. ऊबदार. नळी तिकडे, मी इकडे. काकीनं मला वर केलं आणि मी पहिल्यांदा माझं माझं बघितलं. आंब्याचा शेंडा बघितला, धुराची रेघ बघितली, काकांचं तोंड बघितलं. ते रडत होते.

आता राखणीला दोघं जातात. आधी कुकारा, मग मी, काकीच्या हातात. काय आहे ते नीट ओळखलं की मगच काका आभाळाकडे बार काढतात. मी जुनी झालेय, चार्ज टिकत नाय, काचेला चरा पडलाय. तरी मला हे काम आवडतं.

तुमच्या घरात बॅटरी असेल तर तिला हातात धरा, एवढंच सांगते. कशाकडे बघायचं असेल तर नुसतं बघा. आधी हाक मारा, माणूस ओ देतो.

शिवामामा अजून येतात. मस्करी करतात, जेवतात, ओसरीवर झोपतात. फक्त काकी मला घेऊन अंगणात आली आणि माझा उजेड त्यांच्यावर पडला, की बोलता बोलता मामा थोडे बाजूला सरकतात.