भरल्या शिडाचा नवस

मी शीड बोलतोय, अंजूरच्या केसरीनाथच्या होडीचं. नवस बोलला गेला तेव्हा मात्र मी भिवंडीत हसनभाईंच्या लूमवर नुसता तागा होतो. केसरीनाथ तापानं अंथरुणाला खिळलेला. त्याची बायको तुळजा देवीपुढे म्हणाली, "आई, हे उठले की होडीला नवं शीड लावीन आणि ते जराही न उतरवता तुझ्या दारी आणीन."

तो उठला. तुळजानं उपास धरून मला हातानं शिवलं, टाक्याटाक्याला देवीचं नाव घेत. एरवी होडीला इंजिन. मी फक्त जत्रेचा.

जत्रेच्या दिवशी देवीकडे निघालो तेव्हा खाडी नेहमीसारखीच घाण. कारखान्यांच्या रंगाचा फेस, पिशव्यांत बांधून टाकलेलं निर्माल्य. तुळजाचा दीर चांगदेव मोबाइल धरून होडीत उभा. गुटख्याची पिंक पाण्यात टाकायला गेला, ती पडली माझ्यावर. त्या डागाची मला अजून किळस येते.

खाडीच्या मध्यावर वारा अंगावर आला. मी टरारून फुगलो, होडी एका कुशीवर झाली, पाणी आत. त्यांची लहानगी लेक दिशा घसरत कडेला गेली. तुळजानं तिचा फ्रॉक धरला.

"अहो, शीड उतरवा."

केसरीनाथचा हात दोरावर गेला आणि थबकला. "तुझाच नवस हाय. मोडला नि ताप परत आला तर?"

"दादा, नको उतरवू," चांगदेव म्हणाला. "कसला व्हिडिओ येतोय. वहिनी काय, देवळात शूर, पाण्यात भित्री."

पोर बुडायला आली होती आणि ह्यांना मी फुगलेला हवा होतो. शी. माझ्या त्या पोटाचीच मला घाण वाटली.

"आई माझी हाय," तुळजा म्हणाली. "पोरगी जाऊ दे पण शीड ठेव, असं ती म्हणायची न्हाय. ताप आलाच तर मी बघीन. दोर सोडा पयला."

त्यानं दोर सैल सोडला, होडीचं तोंड वाऱ्याकडे वळवलं. मी फडफडत रिकामा झालो. मग मला खाली घेऊन अर्धं गुंडाळून बांधलं. होडी सरळ झाली.

देवीच्या घाटावर चांगदेव कुरकुरला, "अर्धाच नवस फिटला."

तुळजानं ओल्या पदरानं दिशाचं तोंड पुसलं, देवीची ओटी भरली. "उरलेला आजपास्नं असा, आई. वारा चढला की आधी शीड उतरवीन, मग हात जोडीन."

ताप काही परत आला नाही. मी आता माळ्यावर आहे, डाग धुऊनही तसाच. पुढल्या जत्रेला पुन्हा चढवतील अशी आशा आहे. तुम्हीही तुळजानं घाटावर बोलला तसा नवस बोला. वारा चढला नि होडीत लेकरू असेल तर आधी आम्हा शिडांना उतरवा. देवी तेवढी थांबते.