बदलीची बाई

वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत ट्रेसा स्टिडम मशीनमधून ओल्या चादरी काढत होती, तेवढ्यात मॅनेजर केसलरबाई एका अनोळखी बाईला घेऊन आत आल्या. ही मार्लिस, म्हणाल्या, हिला आठवडाभर सगळं काम दाखव. शुक्रवारी तुझी मुदत संपतेय ना, सोमवारपासून तुझ्या जागी ही.

ट्रेसाच्या हातातली चादर तशीच गळत राहिली. मुदत संपतेय हे तिला ठाऊक होतं. पण मुदत संपली की पगारावर घेणार, असंच तर तिला सांगितलेलं होतं.

गावाजवळची खाण बंद पडली, तसा तिचा नवरा काम शोधायला इंडियानाला गेला आणि तिकडचाच झाला. पदरात पाच वर्षांची जोसी. घर चालायचं ते सरकारकडून महिन्याला मिळणाऱ्या मदतीवर. मग एक दिवस काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीतून व्हिटचा फोन आला. ट्रेसाचं प्रकरण त्याच्याकडे होतं. तरुण पोरगा, बोलायला मऊ. त्यानं समजावलं, की ही मदत काही जन्मभराची नाही, ती चालू ठेवायची तर काम करावं लागेल. काम आम्हीच लावून देतो, काही महिन्यांच्या मुदतीवर. पोरीला पाळणाघर, गाडीला पेट्रोल, पायात घालायला कामाचे बूट, सगळं योजनेतून. पगार नाही, मदत हाच पगार समजायचा. पण चांगलं काम केलंस तर ते तुला ठेवूनच घेतील.

ट्रेसानं ते खरं मानलं. मानणार नाही तर काय करणार? अंधारात उठून, पोरीला झोपेतच गाडीत घालून ती डोंगर उतरायची. चादरी, टॉवेल, म्हाताऱ्यांचे मळलेले कपडे. लाँड्री उरकली की वर जाऊन बिछाने घालायचे, ज्यांचे हात थरथरतात त्यांना भरवायचं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला माणसं कमी पडली, तर केसलरबाईंच्या शब्दाखातर पोरीला शेजारणीकडे ठेवून ती आली. घरची सणाची टर्की शेजारणीनंच भाजली. तुझ्यासारखी बाई मिळायची नाही, केसलरबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. ट्रेसानं त्याच रात्री आईला फोन करून सांगून टाकलं, की नव्या वर्षात मी पगारावर.

आता मार्लिस दारात अवघडून उभी होती. ट्रेसानं तिच्याकडे पाहिलंही नाही. चादर टोपलीत टाकून ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि तिथल्या जुन्या आचारीणबाईला, डेल्फीनला, विचारलं.

डेल्फीन बिस्किटांचं पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही. "तुला कुणी सांगितलं नाही होय? तुझ्याआधी ती लाल केसांची होती. तिच्याआधी हॅझर्ड गावची एक. दोघींनाही हेच सांगितलेलं."

"मग पगाराची बाई कोण?"

"होती पूर्वी. म्हातारी झाली, घरी बसली, तिची जागाच बंद केली. सरकार फुकटात बाई पाठवतंय तर पैसे मोजून कोण ठेवेल, बयो?"

ट्रेसाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती केसलरबाईंच्या खोलीत शिरली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. पैशाची तरतूद नाही, आमचे हात बांधलेले आहेत, वगैरे बोलल्या, आणि वर म्हणाल्या की हा अनुभव तुला पुढं कुठंही उपयोगी पडेल.

"चादरी मी घरीही धुते, बाई," ट्रेसा म्हणाली. "तो अनुभव मला माझ्या आईनं दिलाय. तुम्ही मला नोकरी देणार होतात."

नव्या बाईला आपण काही शिकवणार नाही, हेही तिनं सांगितलं. एप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ती भर दुपारी घरी निघून आली.

दोनच दिवसांत व्हिटचा फोन आला. सहकार्य केलं नाही म्हणून तिची मदत बंद होणार होती, आणि मदत बंद म्हणजे पाळणाघरही बंद. त्याचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. तू काम सोडलंस असं इथं दिसतंय, तो म्हणाला.

"कामाला पगार असतो, व्हिट. मी काय सोडलं त्याला तूच काहीतरी नाव शोध."

तिनं सुनावणी मागितली. तो तिचा हक्क होता, आणि तो आहे हे व्हिटनं नाइलाजानं का होईना, सांगितलं. सुनावणीपर्यंतचे दिवस वाईट गेले. घेवडा आणि मक्याचा पाव, पुन्हा घेवडा आणि मक्याचा पाव. पोरगी घरी असल्यामुळे दुसरं काम शोधायला बाहेर पडायचीही सोय नाही. कामाला लावण्यासाठी काढलेल्या योजनेनंच तिला घरात डांबून ठेवलं होतं. शेजारची लोकं म्हणायची, मान खाली घालून चार शब्द ऐकून घेतले असतेस तर? ट्रेसा म्हणायची, मान खाली घालूनच तर इतके महिने काढले.

एका संध्याकाळी दार वाजलं. बाहेर मार्लिस. ट्रेसाला पाहताक्षणी राग आला.

"माझी जागा घेतलीस, आता घर बघायला आलीस?"

"जागा आहेच कुठं?" मार्लिस म्हणाली. "मला पण तेच सांगितलंय, चांगलं काम कर, ठेवून घेऊ. मग मी डेल्फीनला विचारलं. तुझ्या बदली मी, वसंतात माझ्या बदली आणखी कुणी."

ट्रेसा दारातून बाजूला झाली. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. मार्लिसला दोन मुलगे होते, सरकारी मदतीवर तीही होती, आणि ती मदत जाण्याची भीती तिलाही होती. तरी ती म्हणाली, मी सुनावणीला येते.

सुनावणी काउंटीच्या कचेरीतल्या एका कोंदट खोलीत झाली. अधिकारी राज्याच्या राजधानीहून आलेले, वयस्कर, कमी बोलणारे. केसलरबाई नीटनेटका कोट घालून आल्या होत्या. ट्रेसा कामसू होती, त्या म्हणाल्या, पण तापट, एका दुपारी न सांगता निघून गेली. ट्रेसानं आपली बाजू मांडली. आवाज चढला, तो तिनं उतरवलाही नाही.

अधिकाऱ्यांनी केसलरबाईंना विचारलं, योजनेतून आलेल्या किती बायकांना तुम्ही पगारावर घेतलंत? बाई म्हणाल्या, तपासून सांगावं लागेल.

"आकडा राहू दे," मागून मार्लिस म्हणाली. "एकीचं नाव सांगा."

अधिकाऱ्यांनी तिला गप्प केलं नाही. केसलरबाईंनी पर्स या हातातून त्या हातात घेतली. तेव्हा अधिकारी व्हिटकडे वळले.

"एकही नाही, साहेब," व्हिट म्हणाला. मान खाली.

"मग पाठवत का राहिलात?"

"किती बायका कामाला लावल्या, एवढंच वरून विचारतात. त्या राहिल्या की नाही, ते कुणी विचारत नाही."

ट्रेसाला वाटलं, उठून याच्या कानाखाली वाजवावी. आणि त्याच क्षणी तिला हेही कळलं, की त्या खोलीत आपल्या बाजूचं सगळ्यात मोठं वाक्य यानंच उच्चारलंय. त्यामुळे राग आणखीच वाढला. इतके दिवस ठाऊक होतं तर.

निकाल तिच्या बाजूनं लागला. मदत सुरू झाली, पाळणाघरही. वृद्धाश्रमाला कळवण्यात आलं, की यापुढं बायका हव्या असतील तर पगाराची जागा दाखवा. त्यांनी जागा काढली आणि तिथं केसलरबाईंची भाची लागली. ट्रेसाला कुणी विचारलं नाही, मार्लिसलाही नाही. हे डेल्फीननं फोनवर सांगितलं तेव्हा ट्रेसा इतकी चिडली, की जोसी घाबरून टेबलाखाली जाऊन बसली.

पुढं व्हिटनंच तिला शाळेच्या स्वयंपाकघराचं काम सुचवलं. इथं पगार पहिल्या दिवसापासून, सुरुवातीचे काही महिने त्यातला वाटा योजना उचलणार. ट्रेसानं तिथल्या मुख्य आचारीणबाईला तोंडावर विचारलं, की सरकारचा वाटा थांबला की मला घालवणार का? बाईंना राग आला नाही. त्या दोघी अशाच आल्यात, भांडी घासणाऱ्या बायकांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, जा, त्यांनाच विचार. ट्रेसानं जाऊन विचारलं. दोघींना वेगवेगळं विचारलं. एकीला तिथं लागून पाच वर्षं झाली होती. मगच ट्रेसानं हो म्हटलं. नंतर तिथं जागा निघाली तेव्हा तिनं मार्लिसचं नाव पुढं केलं.

वर्षभरानं व्हिटचा पुन्हा फोन आला. काउंटीचा वार्षिक समारंभ होता. मदतीवरून स्वतःच्या पायावर उभी राहिलेली बाई म्हणून ट्रेसानं दोन शब्द बोलावेत, जेवणही आहे, असं तो म्हणाला.

"येते की," ट्रेसा म्हणाली. "मार्लिसलाही आणते. वृद्धाश्रमात काय चाललं होतं तेही सांगू, नावानिशी. आणि तुला ते ठाऊक होतं, हेही."

वर विचारून कळवतो, तो म्हणाला.

त्यानं कळवलं नाही. समारंभाचा फोटो स्थानिक पेपरात आला. मधोमध केसलरबाई होत्या, हातात योजनेतल्या बायकांना काम दिल्याबद्दलचं सन्मानपत्र. ट्रेसानं तो पेपर शाळेत नेऊन मार्लिसला दाखवला, आणि त्या दिवशी दोघींनी बटाटे असे काही सोलले, की सालींबरोबर निम्मे बटाटेही गेले.