जुमाचा कोट

अब्बासभाईंनी वर्तमानपत्रातल्या कोटाच्या खिशावरून अंगठा फिरवला, जणू कापड हाताला लागणार होतं.

"रहमान, ह्यो हात कमालचा हाय."

"अवो, फोटो बंडवाल्या जनरलचा हाय," मी म्हणालो. "तुमच्या भावाचा नाय."

"माणूस नको बघू, खिसा बघ. एक कोपरा गोल, एक चौकोनी. असा खिसा आमचा बाप कापायचा. त्यान् आमा दोघा भावांनाच तो शिकवलान. मी हय दोह्यात बसलाय. मग ह्यो कोट शिवलान कोणी?"

"तुमीच तिकडं असताना शिवला असाल."

"त्याला सात वर्सां झाली. जनरल झालेला माणूस सात वर्सांचा कोट घालील?"

मी तेल कंपनीच्या स्टोअरमधला कारकून. मेसमध्ये वाचून झालेली इंग्रजी वर्तमानपत्रं मीच त्यांच्या दुकानात आणून द्यायचो. हेही मीच आणलं होतं. १९६४ चा नोव्हेंबर होता.

अब्बासभाई आणि कमाल हे दाभोळचे शिंपी. दोघांनी मिळून काँगोत दुकान काढलं, तेव्हा तिथे बेल्जियमचं राज्य होतं. पुढे अब्बासभाई दोह्याला आले आणि बाजारामागच्या गल्लीत अरबांचे पायघोळ थोब शिवू लागले. कमाल तिकडेच राहिला. आणि फोटोतला जनरल म्हणजे जुमा, त्यांच्याच दुकानात कापड बेतायला असलेला माणूस.

जुमाबद्दल अब्बासभाई कौतुकाने बोलत. बोटभर कापड वाया घालवत नसे. डावखुरा होता. जेवताना भाषणं ठोकायचा आणि त्या नादात भात गार करायचा. दुकानातून तो कामगार संघटनेत गेला, देश स्वतंत्र झाल्यावर निवडून आला, आणि वर्षभरात त्याच्याच सरकारने त्याला तुरुंगात टाकलं. सुटला तो बंदूक घेऊनच. अब्बासभाई संध्याकाळी ट्रान्झिस्टर कानाला लावून स्वाहिली बातम्या ऐकत आणि मला सांगत, "आज जुमान् पूल घेतलान." मग एके दिवशी जुमाने तेच गाव घेतलं, जिथे कमालचं दुकान होतं.

त्या गावातून एकच कोकणी माणूस जिवंत परतला, दिलावर. त्याने दाभोळात सांगितलं की जुमाच्या माणसांनी पहिल्याच दिवशी दुकानदारांना चौकात उभं केलं. रांगेत कमाल होता. दिलावर भिंतीआड लपला होता. त्याने गोळ्या ऐकल्या, पण नंतर कोणाचं तोंड पाहिलं नाही. जमातीने कमालची गायबाना जनाजाची नमाज ठरवली, म्हणजे मयत समोर नसताना पढायची. कमालच्या बायकोला, रबियाला, इद्दतीत बसवायचं ठरलं. विधवेचे ते चार महिने दहा दिवस. फक्त अब्बासभाईंचा होकार यायचा होता.

आणि नेमका तेव्हा हा फोटो आला.

"लिही," अब्बासभाई म्हणाले. "कमाल जित्ता हाय. जुमान् त्याला मारला नाय. आपल्या कपड्यांसाठी ठेवलान. नमाज नको, इद्दत नको."

मी लिहिलं. छान वळणदार अक्षरात लिहिलं. त्या अक्षराची आज मला किळस येते.

रबिया तेव्हा सव्वीस वर्षांची होती. त्या पत्रावर सगळ्यांचा विश्वास बसला नाही; दापोलीच्या एका विधुर मास्तरांनी तिच्या वडिलांकडे लग्नाचा शब्द टाकला. रबियाने सांगितलं, माझा नवरा जनरलचे कोट शिवतोय, मी काकणं उतरवणार नाही. मास्तर वर्षभर थांबले आणि दुसरीकडे लग्न करून मोकळे झाले. हे कळल्यावर अब्बासभाई खूश झाले होते. "बघलास? पोर खरी हाय!"

रेडिओवर मात्र जुमाची उतरती कळा सुरू झाली होती. गाव गेलं. माणसं फुटली. ज्या चौकात त्याने दुकानदार उभे केले, त्याच चौकात सरकारने त्याची माणसं उभी केली. तो जंगलात पळाला. बोटभर कापड वाया न घालवणारा माणूस माणसं मात्र ताग्याने फाडत गेला, आणि हाती काय आलं? काही नाही. अब्बासभाई बातम्यांत कमालचं नाव शोधत. शिंप्याचं नाव बातमीत कोण घेतो?

दीड वर्षाने, उन्हाळ्यात, मी दुसरा फोटो आणला. जुमाला पकडून मारलं होतं. त्याला एका ओट्यावर टाकलं होतं, शेजारी दोन शिपाई हसत होते. अंगात तोच कोट होता. शिपायांनी बटणं काढून तो उघडा टाकला होता.

अब्बासभाईंनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मशीनवर अर्धवट थोब पडला होता.

"आतला खिसा उजवीकडं हाय," ते शेवटी म्हणाले.

"मग?"

"आतला खिसा डावीकडं असतो. जुमा डावखुरा. त्याचा पयला भाषण होता राजधानीत. कागद काढायला बरा पडल म्हणून मीच उजवीकडं लावून दिला. माझ्या ह्या हातान्." त्यांनी तो हात माझ्यापुढे धरला. "कोट माझा हाय, रहमान. आठ वर्सां त्यान् तोच घातलान. नि मी माझाच हात नाय वळखला."

मी म्हणालो, दोघा भावांचा हात सारखाच, कोणीही चुकला असता.

"कोणी नसता चुकला," ते म्हणाले. "मला तो जित्ता पायजे होता."

मग खरं पत्र गेलं. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेनंतर आम्ही सहासात कोकणी माणसांनी कमालची गायबाना नमाज पढली. बोटीच्या टपालाने रबियाचं उत्तर यायला महिना लागला. तिने शाळेतल्या अनीसाबाईंकडून लिहून घेतलं होतं. मी वाचून दाखवलं.

"भाईजान, सलाम. काकणं उतरवली. इद्दतीत बसायला निघाले तर मौलवीसाहेब म्हणाले, इद्दत मरणाच्या दिवसापासून मोजतात. दिलावरभाईंची साक्ष खरी धरली, तर कमालला जाऊन दोन वर्षं होत आली. तुझी इद्दत कधीच उलटून गेली. म्हणजे मी नवऱ्यासाठी हसतखेळत काकणं वाजवत होते, तेव्हाच ती संपली. मला बसायलासुद्धा मिळालं नाही. तुमच्यावर राग नाही."

अब्बासभाईंनी ते पुन्हा वाचायला लावलं नाही. पत्र घडी करून त्यांनी मशीनच्या खणात ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून ते दुकानाबाहेर पडेनात. जुम्म्याच्या नमाजेला तेवढे जायचे, मान खाली घालून. आतच झोपायचे, आतच शिजवायचे. अत्तर बंद, रेडिओ बंद. ईद आली तरी जुनाच सदरा. गिऱ्हाईक म्हणे, "यल्ला, मुअल्लिम, चला चहा घेऊ." ते मान हलवत. मला वाटलं, माणूस खचला. एक दिवस खणातल्या पत्राच्या पाठीवर मला खडूच्या रेघा दिसल्या, आणि त्या कशाच्या ते माझ्या ध्यानात आलं. पुरुषाला असली इद्दत नसते, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

चार महिने दहा दिवस झाल्यावर त्यांनी आंघोळ केली, दाराशी स्टूल टाकलं आणि मला हाक मारली.

"कागद आणलास?"

"आणला. काय लिहू?"

"रबियाला लिही," अब्बासभाई म्हणाले, "तिची इद्दत पुरी झाली."