वच्छलाचं प्लॅस्टिकचं घर

सौसरचा बाजार करून वच्छला भर दुपारी शेतात पोचली आणि लांबूनच धावत सुटली. तिच्या प्लॅस्टिकच्या घराचे पडदे चारी बाजूंनी खाली सोडलेले होते. सकाळी तिनेच ते वर गुंडाळले होते.

आत तिने स्वतः बांधलेल्या संत्र्याच्या कलमा होत्या. १९८७चा हा उन्हाळा त्यांनी काढला, तर विहिरीजवळचा तुकडा तिच्याकडे राहणार होता. नाहीतर तिचे सासरे भगवंतराव तिथे कापूस लावणार होते, आणि म्हातारा एकदा बोलला की ब्रह्मदेवाचंही ऐकत नसे.

ती आत शिरली. खांबावर दोन थर्मामीटर होते, एक साधा, दुसऱ्याच्या टोकाला ओलं फडकं. हवा कोरडी असली की फडक्यातलं पाणी उडतं आणि तो पारा खाली राहतो. आज दोन्ही पारे चाळिसाला टेकलेले. हवा पाण्याने गच्च भरली होती, तिच्यात आणखी थेंब मावत नव्हता.

"कोनं केलं हे?" ती ओरडली.

कोपऱ्यातून कण्हणं ऐकू आलं. सासू, केसरबाई, चिंब भिजून खांबाला टेकल्या होत्या. अंग तव्यासारखं तापलेलं.

"लू सुटली होती व माय. कलमा भाजून राहिल्या होत्या. म्हून लावून घेतलं, पानी मारलं."

जन्मभर त्यांनी मातीच्या घरात उन्हाळा असाच काढला होता: दारं लावायची, सडा मारायचा. पण प्लॅस्टिक ऊन आत घेतं आणि वाफ कोंडून ठेवतं. वच्छलाने हे गड्यांना दहादा समजावलं होतं, सासूला सांगायचं मात्र तिला सुचलं नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला.

पडदे एकदम उघडले तर लूचा कोरडा, तापलेला वारा कोवळे फुटवे जाळणार. ओली पोती टांगून हळूहळू उघडायला हवं होतं. पण केसरबाईंचा घाम वाळतच नव्हता, आणि आता त्यांचे डोळे फिरू लागले.

वच्छलाने विळा उचलला आणि प्लॅस्टिक वरपासून खालपर्यंत टराटरा फाडलं. कोरडी लू आत घुसली आणि केसरबाईंच्या अंगावरचं पाणी उडू लागलं. वच्छला पदराने वारा घालत राहिली. बऱ्याच वेळाने केसरबाईंनी डोळे उघडले.

"झाक व ते. कलमा जळतीन. तुया हातचा तुकडा जाईन."

"जाऊ द्या!" वच्छला रडतच खेकसली. "कलमा म्या आनखी बांधीन. आत्याबाई, तुमाले कुठून आनू?"

केसरबाईंनी उरलेल्या पाण्याची बादली कलमांकडे सरकवली. वच्छलाने ती ओढून घेतली आणि सासूच्याच डोक्यावर ओतली.